पाळीची तारीखच नसेल, तर मोजायचं कुठून?

शंभरातल्या १३. बरोबर २८ दिवसांनी येणाऱ्या पाळ्या एवढ्याच. २०१९ मध्ये ‘एनपीजे डिजिटल मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. एका स्वीडिश ॲपवर १,२४,६४८ बायकांनी नोंदवलेली ६,१२,६१३ पाळीचक्रं त्यात तपासली होती. सरासरी निघाली २९.३ दिवस. शाळेच्या पुस्तकात आणि दवाखान्यात बाळंतपणाची तारीख काढायच्या चकतीवर छापलेला २८ हा आकडा सरासरीसुद्धा नाही, सोयीचा आहे. चार आठवड्यांचा महिना, हिशेबाला बरा.

नियमित कशाला म्हणायचं, याचंही माप ठरलेलं आहे. ‘फिगो’ ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना २४ ते ३८ दिवसांचं अंतर ठीक धरते. मात्र सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या अंतरातला फरक २६ ते ४१ वयात ७ दिवसांच्या आत, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे ९ दिवसांच्या आत असावा. दर वेळी ३६ दिवसांनी पाळी येणारी बाई नियमितच. कधी ३४, कधी ५१ दिवसांनी पाळी येणारी अनियमित.

गर्भचाचणीच्या किटवर लिहिलेलं असतं, की पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून चाचणी करता येते. मेडिकलवालाही तेच सांगतो. आता कालनिर्णयवर पेनाने बारीक टिंब करणाऱ्या एका बाईची कल्पना करू. वय २९, राहायला डोंबिवली पूर्वेला, नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. नवरा पुण्यात, जमेल त्या शनिवार-रविवारी घरी. तिच्या टिंबांमधली मागची पाच अंतरं ३४, ५१, ४१, ६२, ३८. शेवटचं टिंब ३ जूनला. तिची पाळी ‘चुकली’ कधी म्हणायची? ३५ व्या दिवशी, ५२ व्या, की ६३ व्या? टिंबं सगळी नीट आहेत, त्यातून तारीख मात्र निघत नाही.

ती निघत का नाही, हे त्याच २०१९ च्या अभ्यासातले दोन आकडे सांगतात. पाळी आल्यापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा पहिला टप्पा सरासरी १६.९ दिवसांचा, आणि तिथून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा १२.४ दिवसांचा. दुसरा टप्पा फारसा हलत नाही, आठवडाभर ते फार तर अडीच आठवडे. सगळा गोंधळ पहिल्यात. त्यामुळे ज्या महिन्यात अंतर ६२ दिवस पडलं, त्या महिन्यात बीज पाळीनंतर साधारण ४८-५० व्या दिवशी बाहेर पडलं असणार. पाळी उशिरा आली असं आपण म्हणतो, पण उशीर बीजाला झालेला असतो. पाळी त्याच्या मागोमाग वेळेवरच येते.

अमेरिकी सरकारच्या महिला आरोग्य विभागाने अनियमित पाळी असलेल्यांसाठी एक नियम दिलेला आहे: शेवटच्या पाळीपासून ३६ दिवस मोजा, नाहीतर संबंधांपासून चार आठवडे. यातला पहिला अर्धा भाग आपल्या डोंबिवलीच्या बाईला फसवेल. ३ जूनपासून ३६ दिवस म्हणजे ९ जुलै. त्या दिवशी तिने चाचणी केली, एकच रेघ आली, जीव भांड्यात पडला. पण तिचं बीज अजून बाहेरच पडलेलं नसेल, तर त्या रेघेने सांगितलं काय?

यासाठी थोडं मागे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जाऊ. १९८० च्या दशकात संशोधक ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ बायकांना विनंती केली, की गर्भनिरोधक सोडलंत त्या दिवसापासून रोज सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा. सहा-सहा महिने त्यांनी ते केलं. (आपल्याकडे सासूच्या फ्रीझरमध्ये हे जमेल का, हा प्रश्न बाजूला ठेवू.) त्या बाटल्यांमधून निघालेल्या आकड्यांवर आजची बरीचशी समज उभी आहे.

दिवस राहू शकतात ते एकूण सहा दिवस: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू पाच दिवस तग धरतात, बीज जेमतेम एक दिवस. फलित बीज लगेच गर्भाशयाला चिकटत नाही. रुजायला ६ ते १२ दिवस लागतात. टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. आणि रुजल्याशिवाय एचसीजी हे संप्रेरक लघवीत येत नाही. किट शोधतं ते एचसीजीच, गर्भ नव्हे.

याच नोंदींवरून २००१ मध्ये आणखी एक आकडा पुढे आला. पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी १० टक्के गर्भ अजून रुजलेलेच नव्हते. किट कितीही भारी असो, त्या दिवशी शंभरातल्या ९० च्या वर ते पकडू शकत नाही. आठवडाभर थांबलं तर ९७. हे ठरल्या वेळी पाळी येणाऱ्यांचं.

मग अनियमित पाळीवालीने काय करायचं? पाळी सोडून द्यायची आणि संबंधांची तारीख धरायची. बेरीज सोपी आहे. शुक्राणू जास्तीत जास्त ५ दिवस वाट पाहणार, गर्भ रुजायला जास्तीत जास्त १२ दिवस, आणि रुजल्यावर एचसीजी किटला दिसण्याएवढं वाढायला ३-४ दिवस. एकूण २१. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा हाच आकडा देते: पुढची पाळी कधी हे माहीत नसेल, तर शेवटच्या असुरक्षित संबंधांनंतर किमान २१ दिवसांनी चाचणी करा. बहुतेकींची रेघ त्याआधीच दिसेल, चौदाव्या-पंधराव्या दिवशीसुद्धा. पण चौदाव्या दिवशी ‘नाही’ आलं तर ते धरून चालता येत नाही. एकविसाव्या दिवसाचं धरता येतं, आणि तरी पाळी आली नाही तर आठवड्याने आणखी एक चाचणी. त्या ‘जास्तीत जास्त’च्याही पलीकडे एखादी असतेच.

एकविसाचा हा आकडा उलटाही वाचायला हवा, आणि मला वाटतं खरा उपयोग तिथेच आहे. आज निगेटिव्ह आलेली पट्टी २१ दिवसांपूर्वीपर्यंतचंच बोलते. त्यानंतर जे झालं त्याबद्दल ती गप्प असते. ९ जुलैची ती एकच रेघ १८ जूनपर्यंतच्या संबंधांचा निकाल होती. नवरा घरी आला होता ५ जुलैला, आणि मग १९ जुलैला. त्यानंतर पुण्यात काम वाढलं, येणं झालं नाही. म्हणजे तिची खरी तारीख १९ जुलै अधिक २१, ९ ऑगस्ट.

नवरा-बायको एकत्र राहत असतील, गर्भनिरोधक नसेल आणि संबंध नेहमीचे असतील, तर ‘शेवटचे संबंध’ रोज पुढे सरकत राहतात. अशा बाईने २१ दिवस संबंध टाळून थांबावं, असं कुणी सांगणार नाही. तिने आपल्या मागच्या सहा-आठ अंतरांतलं सर्वात मोठं अंतर बघावं, ते ओलांडलं की चाचणी करावी. आणि पाळी येईपर्यंत दर तीन आठवड्यांनी एक. किट पन्नास-साठ रुपयांना मिळतं. आशाताईंकडे सरकारी ‘निश्चय’ किट फुकट असतं. मूल हवं असलेल्या बाईला रोज एक पट्टी वापरण्याचा मोह होतो, तिच्यासाठी विलकॉक्सच्याच १९८८ च्या अहवालातला आकडा: लघवीत सापडलेल्या गर्भधारणांपैकी २२ टक्के इतक्या लवकर संपल्या, की एरवी त्या झाल्या होत्या हेही कळलं नसतं. घाईने केलेली चाचणी ते दुःखही कळवते.

 आपल्याकडे अनियमित पाळी म्हटलं की पुढचा शब्द येतो पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा बीजकोषांचा विकार. किती जणींना? जवळचा विश्वासार्ह आकडा परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचा. मुंबईतल्या वस्तीत जाऊन १५ ते २४ वयाच्या मुली तपासून केलेला तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉटरडॅमचे म्हणून ओळखले जाणारे निदानाचे निकष लावले तर २२.५ टक्के, दुसरे कडक निकष लावले तर १०.७ टक्के. मुली त्याच, रक्त तेच, सोनोग्राफी तीच. व्याख्या बदलली की निम्म्या बऱ्या. ‘दर पाचवीला पीसीओडी’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर कुठल्या मापाने, हे विचारावं.

पीसीओडीमुळे होणारा घोळ वेगळाच आहे. ‘मला पीसीओडी आहे, मला कुठे दिवस राहतायत’ असं म्हणून गर्भनिरोधक न वापरणाऱ्या बायका कमी नाहीत. बीज क्वचित बाहेर पडतं, याचा अर्थ कधीच पडत नाही असा नाही. कधी पडेल याचा नेम नाही, एवढाच. आणि बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, म्हणून सहा-सहा महिने पाळी न आलेल्या बाईला मधे एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. बाळंतिणीचंही तसंच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर पिणारं, आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तोवर दिवस राहण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी. पाण्याची बाटली सुरू झाली, बाळ सातव्या महिन्यात गेलं, की तो आकडा तिचा राहत नाही. चाळिशीनंतरच्या बाईला वाटतं पाळी जायला लागली. थायरॉइडवालीला वाटतं गोळीचा डोस कमी पडला. या सगळ्यांना चाचणीची आठवण शेवटी होते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट परदेशी तक्त्यांत सापडत नाही. भाद्रपद जवळ आला की मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो. घरात दीड दिवसाचा का होईना गणपती, सोवळं, सासूबाईंचं ‘तुझी अडचण तर येणार नाही ना’. नॉरएथिस्टेरॉनची गोळी पाळीच्या अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा. थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. नियमित पाळीवालीला हे जमतं. अनियमितवाली तीन दिवस आधी म्हणजे कधी हे कसं ठरवणार? ती अंदाजपंचे सुरू करते, आणि त्या महिन्याचं टिंब कालनिर्णयवर काही अर्थाचं उरत नाही. अशा चार-आठ दिवस घेतलेल्या गोळ्या गर्भनिरोधक नसतात, हेही बरेचदा माहीत नसतं.

उलट गोळ्याही आहेत, पाळी आणण्याच्या. डॉक्टर त्या देण्याआधी ‘यूपीटी करून या’ म्हणतात, म्हणजे लघवीवरची गर्भचाचणी. ते टाळून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर थेट मेडिकलमधून आणल्या आणि पाळी आली नाही, तर गोळी कमी पडली असं समजून दुसरा कोर्स सुरू होतो. बाहत्तर तासांच्या आत घ्यायची आणीबाणीची गोळी पाळी आठवडाभर मागे-पुढे करू शकते. त्यामुळे ती घेतल्यावरही मोजणी पाळीपासून करायची नाही, संबंधांपासून २१ दिवस. आणि मधे दोन दिवस थोडंसं लाल दिसलं म्हणून त्याला पाळी म्हणायचं नाही. गर्भ रुजल्यानंतरही काहींना डाग पडतो. अनियमित पाळीची सवय झालेली बाई त्यावर सहज टिंब करून मोकळी होते.

आता ती पट्टी हातात घेऊ. शेजारच्या मेडिकलमधला मुलगा नवऱ्याचा मित्र, म्हणून तिने ती ठाण्याला उतरून स्टेशनबाहेरच्या दुकानातून घेतली. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, डब्याच्या पिशवीत तळाशी. चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीवर, कारण रात्रभर साठलेली असते, घट्ट असते. रात्रपाळीवालीने झोपून उठल्यावरची घ्यावी. ‘लघवी यावी’ म्हणून आधी दोन तांबे पाणी पिऊन केलेली चाचणी फुकट जाऊ शकते. बहुतेक किट दर मिलिलिटरला २५ मिलि-एककं एचसीजी ओळखतात. सुरुवातीला एचसीजी दर दीड-दोन दिवसांनी दुप्पट होतं, त्यामुळे सोमवारी १० असेल तर गुरुवारी २५ च्या पुढे. सोमवारी ‘नाही’ आणि गुरुवारी ‘आहे’, दोन्ही पट्ट्या खऱ्या.

ड्रॉपरने तीन थेंब, पट्टी सपाट ठेवायची, पाच मिनिटं. ‘सी’ पाशी रेघ आली नाही तर पट्टी बाद, दुसरी आणायची. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीकडे आली, ‘टी’ची कितीही फिकट असली, तरी ‘आहे’ समजून दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. ८.२० च्या फास्टसाठी धावत निघालेली बाई पट्टी बेसिनच्या कोपऱ्यात विसरते, संध्याकाळी येऊन बघते तर एक करडी रेघ. ती वाळल्यामुळे उमटलेली असते. दहा मिनिटांनंतरची पट्टी वाचायचीच नाही.

मूल होण्यासाठी उपचार चालू असतील आणि बीज फुटण्याचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर पुढचे दहा-बारा दिवस पट्टी त्या इंजेक्शनलाच ‘आहे’ म्हणू शकते. गर्भपातानंतरही काही आठवडे दुसरी रेघ येत राहते. या दोघींना रक्ताची बीटा एचसीजी चाचणी बरी. ५ च्या आत असेल तर नाही, २५ च्या वर असेल तर आहे, मधलं असेल तर ४८ तासांनी पुन्हा. पट्टी ‘आहे’ म्हणते आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, खांदा दुखतोय, चक्कर येतेय, तर पुढची चाचणी घरी करायची नाही. दर शंभर गर्भधारणांत एक-दोन गर्भनलिकेत अडकलेल्या असतात. अशा वेळी कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, नाहीतर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठायचं.

९ ऑगस्टला आपल्या बाईच्या पट्टीवर दोन रेघा आल्या असं धरू. ती डॉक्टरांकडे गेली. पहिला प्रश्न ठरलेला: शेवटची पाळी कधी? ३ जून. चकती फिरली. ३ जूनपासून ९ ऑगस्ट ६७ दिवस, म्हणजे ९ आठवडे ४ दिवस. पण तिला दिवस राहिले, असं धरू, १९ च्या भेटीतून २० जुलैच्या आसपास. वैद्यकाच्या रीतीप्रमाणे त्यात मागचे दोन आठवडे धरले तर मोजणी ६ जुलैपासून सुरू होते, आणि ९ ऑगस्टला भरतात ३४ दिवस, ४ आठवडे ६ दिवस. फरक ३३ दिवसांचा.

तिला मूल आत्ता नको असेल तर हे ३३ दिवस फार महाग पडतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो. चकतीच्या हिशेबाने ती मुदत चार दिवसांपूर्वी संपली, खऱ्या हिशेबाने तिच्या हातात अजून चार आठवडे आहेत. त्यापुढे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि ठरावीक कारणांसाठी २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं. अविवाहित मुलींनाही २४ आठवड्यांची ती मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत, याचं कारणही हाच हिशेब आहे. चुकीचे आठवडे धरून घेतलेली गोळी अर्धवट काम करते, आणि गर्भ नलिकेत असेल तर काहीच करत नाही.

मूल हवं असेल, तर सोनोग्राफी. पाच आठवड्यांच्या आत फार काही दिसत नाही, म्हणून डॉक्टर दोन-अडीच आठवड्यांनी बोलावतात. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखालच्या बाकावर बसायचं, फॉर्म भरायचा, आत जायचं. पहिल्या तिमाहीत गर्भाची लांबी मोजून काढलेलं वय फार तर पाच-सात दिवसांनी चुकतं. देशातल्या शंभर मातांपैकी पहिल्या तिमाहीत तपासणीला पोहोचतात साधारण ७०, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. उरलेल्या तिसांत अनियमित पाळीवाली असेल, तर तिची ही तारीख कधीच नीट लागत नाही. नंतरच्या सोनोग्राफीत चूक दोन-तीन आठवड्यांवर जाते.

आणि कार्डावर? ३ जूनवरून काढलेली बाळंतपणाची तारीख १० मार्च. सोनोग्राफीवरून निघते १२ एप्रिल. पहिली खोडून दुसरी लिहायला डॉक्टरांना सांगायचं, आणि ती लिहिली गेली हे दवाखान्यातून निघण्याआधी स्वतः बघायचं. नाहीतर दहा मार्च उलटला, अजून कळा नाहीत, दिवस भरलेत म्हणून कळा आणायचं इंजेक्शन द्यायला कुणीतरी सुरुवात करेल, आणि पोटातलं बाळ असेल ३५ आठवड्यांचं.